संगणकाचा वेळ कोण खातो?

समजा, तुमच्या ताईने पहिल्यांदाच पुरणपोळ्या करायला घेतल्या आहेत. समोर पाककृतींचे पुस्तक उघडे आहे. पान १२ वर पुरणपोळीची कृती आहे. तिच्या पाचव्या ओळीत लिहिले आहे, ‘पुरण तयार करून घ्यावे, पुरणाची कृती पान ४० वर पाहावी.’ ताई पान ४० उघडते. तेथे दुसऱ्याच ओळीत, ‘हरभऱ्याची डाळ शिजवावी, रीत पान ७ वर.’ ताई पान ७ उघडते. आता डाळ शिजल्यावर परत नेमके कोठे यायचे? हे विसरू नये म्हणून तिने एक युक्ती केली आहे. पान १२ सोडताना तिने एका चिठ्ठीवर ‘पान १२, ओळ ६ पासून पुढे’ असे लिहून ती ओट्यावर ठेवली. पान ४० सोडताना ‘पान ४०, ओळ ३ पासून पुढे’ अशी दुसरी चिठ्ठी पहिलीच्या वर ठेवली. हातातले काम संपले, की सर्वांत वरची चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर लिहिलेल्या जागी जायचे. अशा रीतीने ताई कितीही पाने फिरली, तरी वाट चुकत नाही.

मुलांनो, संगणक अगदी असेच करतो. संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, हे त्याचे पाककृतींचे पुस्तक. त्यातील एकेका कृतीला म्हणतात फंक्शन. एक फंक्शन दुसऱ्याला कामाला लावते, दुसरे तिसऱ्याला. प्रत्येक वेळी ‘काम झाल्यावर येथे परत ये’ असा पत्ता संगणक आपल्या स्मृतीत एकावर एक रचून ठेवतो. चिठ्ठ्यांच्या या चळतीला स्टॅक असे नाव आहे. कोणत्याही क्षणी ही चळत वरून खालपर्यंत वाचली, तर संगणक आता कोणते काम करीत आहे, ते काम त्याला कोणी सांगितले आणि त्या सांगणाऱ्याला कोणी सांगितले, ही सारी वंशावळ कळते.

कृतींचे असे तुकडे पाडण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. १९४९ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांत होती आणि सुरुवातीला तीत जेमतेम ५१२ शब्द मावत. एवढ्याशा जागेत एकच कृती चार ठिकाणी लिहिणे परवडणार कसे? तेव्हा डेव्हिड व्हीलर या तरुणाने युक्ती काढली. कृती एकदाच लिहायची, गरज पडेल तेथून तिच्याकडे उडी मारायची आणि उडी मारताना स्वतःचा पत्ता बरोबर न्यायचा, म्हणजे परत येता येईल. एडसॅकला अशा उडीसाठी वेगळी आज्ञा नव्हती. त्यामुळे कृती सुरू होताच ती स्वतःच्या शेवटच्या ओळीत परतीची आज्ञा लिहून घेई! याला पुढे ‘व्हीलरची उडी’ असे नाव पडले.

मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ मध्ये प्रोग्रॅम लिहिण्यावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात कृतींचे दोन प्रकार सांगितले आहेत. बंद कृती म्हणजे एका जागी लिहिलेली, जिच्याकडे उडी मारून जावे लागते ती. उघडी कृती म्हणजे जेथे हवी तेथे जशीच्या तशी उतरवून घेतलेली. हा दुसरा प्रकार लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीतील सारी भानगड त्यानेच केलेली आहे.

दर मिनिटाला डोकावणारा भाऊ

आता परत स्वयंपाकघरात जाऊ. पुरणपोळ्यांना फार वेळ लागला. पुढच्या वेळी तो कमी कसा करायचा? त्यासाठी आधी वेळ कशात गेला हे कळायला हवे. ताईने आपल्या धाकट्या भावाला घड्याळ देऊन दाराशी बसवले. त्याचे काम एकच. दर मिनिटाला आत डोकवायचे, कोणते पान उघडे आहे ते पाहायचे, ओट्यावरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि वहीत नोंद करायची. दीड तासात त्याच्या वहीत ९० नोंदी झाल्या. त्यांपैकी ३५ वेळा पान ७ उघडे होते, २० वेळा पान ४० आणि ३५ वेळा पान १२.

यावरून काय कळते? डाळ शिजण्यात साधारण ३५ मिनिटे गेली. पुरणाच्या पानाचा स्वतःचा वेळ २० मिनिटे. पण पान ७ उघडे असताना दर वेळी ओट्यावर पान ४० ची चिठ्ठी होती. म्हणजे डाळ पुरणासाठीच शिजत होती. तेव्हा पुरणाचा एकूण खर्च २० अधिक ३५, म्हणजे ५५ मिनिटे. चिठ्ठ्या वाचल्या नसत्या, तर हा दुसरा आकडा मिळाला नसता. उद्या त्याच पुस्तकातून ताईने वरणही केले आणि डाळीच्या पानाचा वेळ वाढला, तर तो पुरणामुळे की वरणामुळे, हेही चिठ्ठ्याच सांगतील.

हा धाकटा भाऊ म्हणजेच प्रोफायलर. चालू प्रोग्रॅमला सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा क्षणभर थांबवायचे, त्या क्षणी कोणती आज्ञा चालू होती तिचा पत्ता टिपायचा, शक्य असेल तर स्टॅकवरचे परतीचे पत्तेही टिपायचे आणि प्रोग्रॅमला पुढे जाऊ द्यायचे, एवढेच तो करतो. शेवटी या पत्त्यांची फंक्शनांच्या नावांशी जुळणी करून तो तक्ता छापतो.

असा तक्ता हवाच कशाला? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वेळ कोठे जातो हे माहीत नसते का? खरोखरच नसते. डोनाल्ड कनुथ या प्रसिद्ध संगणकशास्त्रज्ञाने फोरट्रान भाषेतील अनेक खऱ्या प्रोग्रॅमांची तपासणी करून १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याला आढळले, की प्रोग्रॅमचा ४ टक्क्यांहून कमी भाग हा चालण्याच्या निम्म्याहून अधिक वेळाला कारणीभूत असतो. म्हणजे शंभर ओळींतल्या चार ओळी दोषी आणि शहाण्णव बहुतेक निर्दोष! त्या चार कोणत्या, हे अंदाजाने सांगू गेलो तर निर्दोष ओळींवरच आठवडाभर घाम गाळून बसण्याची पाळी येते. म्हणून मोजायचे.

मोजण्याची साधनेही हळूहळू सुधारत गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅकुसिक यांनी १९८२ मध्ये ‘जीप्रॉफ’ हे साधन जगापुढे मांडले. कोणत्या फंक्शनने कोणाला किती वेळा कामाला लावले याची गणती ते ठेवते आणि मुलाचा वेळ त्या प्रमाणात आईबापांच्या नावे मांडते. आज लिनक्सवर ‘पर्फ’ हे साधन वापरतात. ते २००९ पासून लिनक्सच्या गाभ्याबरोबर येते. २०११ मध्ये ब्रेंडन ग्रेग याने स्टॅकच्या हजारो नोंदींचे एकच चित्र काढण्याची रीत शोधली. त्या चित्रात प्रत्येक फंक्शनची एक पट्टी असते, आणि पट्टी जेवढी रुंद तेवढ्या त्या फंक्शनच्या नोंदी अधिक. कामाला लावणारे खाली, लागणारे वर. चुलीतल्या ज्वाळांसारखे दिसते, म्हणून त्याला ज्वाळाचित्र म्हणतात.

कंपायलरची हुशारी

आता कथेत नवे पात्र येते. आपण प्रोग्रॅम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्याला कंपायलर म्हणतात. पण कंपायलर हा केवळ शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार नाही. अर्थ न बदलता मजकूर आवरता घेण्याचे काम तो मोठ्या हौसेने करतो.

पाककृतींचे पुस्तक नव्याने छापणाऱ्याने विचार केला, की ताईला उगाच पाने का उलटायला लावायची? त्याने पान १२ वरच, पाचव्या ओळीच्या जागी, पुरणाची सगळी कृती उतरवून टाकली. पुरणात डाळीची कृतीही उतरवली. आता पान उलटणे नाही, चिठ्ठी लिहिणे नाही, परत येणे नाही. ही झाली उघडी कृती. कंपायलर हेच करतो तेव्हा त्याला इनलाइनिंग म्हणतात.

यात फायदा किती? मोठ्या कृतीसाठी पान उलटण्याचा वेळ नगण्यच. पण समजा एखादी कृती ‘चिमूटभर मीठ घालावे’ एवढीच असेल, तर? एक ओळ वाचण्यासाठी चिठ्ठी लिहा, पान शोधा, मीठ घाला, चिठ्ठी उचला, परत या. मिठापेक्षा खटाटोप मोठा. प्रोग्रॅमांमध्ये अशी चिमुकली फंक्शने भरपूर असतात आणि ती लाखो वेळा वापरली जातात. शिवाय इनलाइनिंगचा खरा लाभ वेगळाच आहे. सगळे एका पानावर आले, की पुढची काटछाट सुचते. एखादे फंक्शन ‘दिलेल्या संख्येला दुसऱ्या दिलेल्या संख्येने भाग जातो का’ हे पाहते. ते जेथे उतरवले तेथे दुसरी संख्या नेहमी २ च असेल, तर कंपायलर भागाकार सोडूनच देतो. सम की विषम हे तर द्विमान पद्धतीतील शेवटच्या अंकावरून दिसते! फंक्शन दूरच्या पानावर असते, तर त्याला हे कळलेच नसते.

म्हणून आजचे कंपायलर न सांगता इनलाइनिंग करतात. सी आणि सी++ या भाषांत त्यासाठी ‘इनलाइन’ असा शब्द लिहिण्याची सोय आहे. परंतु ती केवळ सूचना. ती मानायची की नाही हे कंपायलर ठरवतो आणि न सांगितलेलीही अनेक फंक्शने तो विरघळवून टाकतो. छोटी असतील ती, आणि एकाच ठिकाणाहून वापरलेली असतील तर मोठीसुद्धा.

वही बरोबर, निष्कर्ष चुकीचा

आता धाकट्या भावाला नव्या पुस्तकासमोर बसवा. दर मिनिटाला तो डोकावतो. पान १२. पान १२. पान १२. चिठ्ठी एकही नाही. नव्वदच्या नव्वद नोंदी पान १२ च्या! ही वही वाचून कोणी म्हणेल, ‘पुरणाला वेळ लागतच नाही. डाळ तर कोणी शिजवलीच नाही. सगळा वेळ पोळ्या लाटण्यातच गेला.’ आणि मग तो बिचारा नवे पोळपाट आणायला बाजारात धावेल.

लक्षात घ्या, भावाने एकही खोटी नोंद केलेली नाही. चिठ्ठ्या खरोखरच नव्हत्या. यंत्राच्या स्टॅकवर फक्त खऱ्या उड्यांचे परतीचे पत्ते असतात. जेथे उडीच मारली नाही, तेथे पत्ता कोठून येणार? विरघळलेल्या फंक्शनला स्वतःचा पत्ता राहत नाही. त्याच्या आज्ञा दुसऱ्याच्या घरात राहतात, म्हणून त्यांचा वेळ त्या घरमालकाच्या नावावर चढतो. जीप्रॉफच्या गणतीचेही तेच. गणती करणारी आज्ञा कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या दारात बसवतो. पण दारच उरले नाही तर आत किती जण गेले हे मोजणार कोण?

यातून होणारे घोटाळे दोन तऱ्हांचे असतात आणि त्यांतील दुसरा मला अधिक घातक वाटतो.

पहिला घोटाळा मधली पायरी गळण्याचा. ‘अहवाल’ हे फंक्शन ‘जवळची शाळा’ या फंक्शनला कामाला लावते आणि ते ‘यादी वाचा’ या तिसऱ्याला. ‘जवळची शाळा’ हे ‘अहवाल’मध्ये विरघळले, की स्टॅकमध्ये ‘अहवाल’च्या लगेच वर ‘यादी वाचा’ दिसते. तुम्ही ‘अहवाल’ उघडून ओळ न् ओळ वाचता. ‘यादी वाचा’चा उल्लेखही नाही! आजोबांच्या पुढे थेट नातवाचे नाव लागले आहे आणि बाप वंशावळीतून गायब. यात डोके खाजवावे लागते खरे, पण काहीतरी चुकले आहे एवढे निदान ध्यानात येते.

दुसऱ्या घोटाळ्यात तेही येत नाही. एक प्रोग्रॅम घ्या. त्याला गावोगावच्या घरांची यादी दिली आहे आणि प्रत्येक घरासाठी तो जवळची शाळा, जवळचा दवाखाना आणि जवळचे पोस्ट शोधतो. या तिन्ही कामांसाठी तीन फंक्शने आहेत आणि तिघेही ‘अंतर’ हे चिमुकले फंक्शन वापरतात. अंतर काढण्याची रीत तुम्हाला भूमितीतून ठाऊक आहेच. पूर्व-पश्चिम फरकाचा वर्ग, अधिक उत्तर-दक्षिण फरकाचा वर्ग, आणि बेरजेचे वर्गमूळ. पायथागोरसचा सिद्धांत!

प्रोफायलरने १००० नोंदी घेतल्या असे समजू. तक्ता येतो तो असा: जवळची शाळा २४०, जवळचा दवाखाना ३१०, जवळचे पोस्ट २५०, किरकोळ २००. ‘अंतर’ हे नावच नाही. तक्ता कसा समंजस दिसतो पाहा! तिन्ही कामे साधारण सारखीच, कोणी एक दोषी नाही. पाहणारा म्हणतो, ‘दवाखान्याचा आकडा जरा मोठा आहे, तेथून सुरुवात करू,’ आणि दवाखान्यांची यादी नव्या तऱ्हेने लावण्यात दिवस घालवतो.

आता विरघळलेल्या फंक्शनांचा हिशेब वेगळा काढला तर? शाळेच्या २४० पैकी १७० नोंदी, दवाखान्याच्या ३१० पैकी १९० आणि पोस्टाच्या २५० पैकी १४० नोंदी मुळात ‘अंतर’च्या होत्या असे दिसते. बेरीज करा. बरोबर ५००. निम्मा वेळ एकट्या ‘अंतर’ने खाल्ला होता, पण तीन घरांत थोडा थोडा लपून खाल्ल्यामुळे कोठेच उठून दिसला नाही. आणि एकदा ते दिसले, की उपाय एका ओळीचा आहे. येथे प्रत्यक्ष अंतर कोणालाच नको आहे. कोणते ठिकाण अधिक जवळ एवढेच हवे आहे. धन संख्यांमध्ये जिचा वर्ग लहान, ती संख्याही लहान. मग वर्गमूळ काढायचेच कशाला? वर्गांचीच तुलना करावी. वर्गमूळ हे यंत्रालाही बेरीज-गुणाकारापेक्षा बरेच महाग पडते.

कंपायलरने ठेवलेले टिपण

मग इनलाइनिंग बंदच करावे का? कंपायलरला तसे सांगता येते. पण हा उपाय मला फारसा पसंत नाही. इनलाइनिंग बंद केले, की सगळ्या चिठ्ठ्या परत येतात आणि वंशावळ स्वच्छ दिसते हे खरे. परंतु आता तुम्ही मोजता आहात तो प्रोग्रॅमच वेगळा असतो. पाने उलटण्याचा खर्च वाढतो, तोही नेमका चिमुकल्या फंक्शनांच्या माथी. एका पानावर आल्यामुळे सुचलेली काटछाटही नाहीशी होते. ज्या फंक्शनला खऱ्या प्रोग्रॅममध्ये काहीच वेळ लागत नव्हता, ते तक्त्यात पहिल्या क्रमांकावर येऊन बसू शकते. धावपटूची दमछाक मोजायची आणि त्यासाठी त्याच्या पाठीवर वजनकाटा बांधायचा, त्यातला हा प्रकार.

खरा उपाय कंपायलरच्याच हाती आहे. कोणते फंक्शन कोठे विरघळवले हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार? म्हणून त्याला सांगायचे, की बाबा रे, काय हवे ते कर, पण करशील त्याची नोंद ठेव. प्रोग्रॅममधील चुका शोधणाऱ्यांसाठी कंपायलर यंत्राच्या आज्ञांसोबत एक टिपण जोडू शकतो. या टिपणाच्या एका सर्वमान्य पद्धतीचे नाव आहे ‘ड्वार्फ’, म्हणजे बुटका! प्रोग्रॅमची फाइल साठवण्याच्या एका पद्धतीला ‘एल्फ’, म्हणजे परीकथेतील यक्ष, असे नाव आहे. त्याला जोड म्हणून हा बुटका आला. संगणकवाले नावे ठेवण्यात कधी कंजुषी करीत नाहीत.

या टिपणात विरघळलेल्या प्रत्येक फंक्शनसाठी लिहिलेले असते, की या पत्त्यापासून त्या पत्त्यापर्यंतच्या आज्ञा मुळात ‘अंतर’ या फंक्शनच्या असून त्या अमुक फाइलच्या अमुक ओळीतील मागणीवरून येथे उतरवल्या आहेत. प्रोफायलर पत्ता टिपतो तो पूर्वीसारखाच. पण तक्ता करताना तो हे टिपण उघडतो आणि न लिहिल्या गेलेल्या चिठ्ठ्या नंतर भरून काढतो. एका पत्त्याच्या जागी कधी दोन, कधी पाच-सहा फंक्शनांची साखळी उलगडते. पर्फमध्ये अशा नावांपुढे ती इनलाइन झाल्याची खूण छापलेली दिसते. इनलाइनिंग चालू, प्रोग्रॅमचा वेग कायम आणि वंशावळही हाती. टिपणामुळे फाइल मोठी होते आणि तक्ता करायला वेळ अधिक लागतो, एवढीच किंमत.

मात्र हे टिपणही सगळे सांगू शकत नाही. सर्व कृती एका पानावर आल्या, की हुशार ताई काय करते? डाळ शिजते आहे तोवर कणीक भिजवून घेते. मग त्या मिनिटाची नोंद डाळीच्या नावे करायची की कणकेच्या? कंपायलरही आज्ञांची अशी सरमिसळ करतो. ‘अंतर’ची एक आज्ञा, मग घरमालकाच्या दोन, पुन्हा ‘अंतर’ची एक. कधी दोघांना लागणारी एकच वजाबाकी तो एकदाच करून दोघांना वाटून देतो. ती कोणाची म्हणायची? टिपणात कोणाचे तरी एकाचेच नाव लागते. त्यामुळे १७० च्या जागी १६५ की १७५, यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

चिठ्ठी नाहीशी होण्याचे आणखी एक कारण आहे, त्याचा येथेच निकाल लावू. आपले फंक्शन जाता जाता शेवटचे काम म्हणून दुसऱ्याला बोलावत असेल, तर आपल्याकडे परत येऊन करायचे काहीच उरत नाही. अशा वेळी कंपायलर चिठ्ठी न ठेवता थेट पुढे उडी मारतो. येथेही पायरी गळते, पण हे इनलाइनिंग नव्हे.

या साऱ्याचा झटका भाषा तयार करणाऱ्यांनाही बसलेला आहे. गो भाषेची १.१२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. तिच्या कंपायलरने इनलाइनिंगची मर्यादा वाढवली. जे फंक्शन दुसऱ्या फंक्शनला बोलावण्याखेरीज काही करीत नाही, असे मधले फंक्शनही आता विरघळू लागले. नेमकी वंशावळीतील बापाची पायरी! ज्यांचे प्रोग्रॅम स्टॅकवरचे कच्चे पत्ते एकेक करून वाचत होते, त्यांना आवृत्तीबरोबरच्या सूचनापत्रात बजावण्यात आले, की तसे करू नका. पत्त्यांची फोड करून देणारी जी सोय आहे तीच वापरा, म्हणजे विरघळलेली नावेही मिळतील.

जावा भाषेत तर हा खेळ प्रोग्रॅम चालू असतानाच रंगतो. तेथील कंपायलर प्रोग्रॅम चालता चालता पाहत राहतो, की कोणते फंक्शन वारंवार वापरले जाते, आणि मग ते विरघळवतो. त्याच्या नेहमीच्या आकारमर्यादा ठरलेल्या आहेत. पण वारंवार लागणाऱ्या फंक्शनांना तो बरीच सवलत देतो. त्यामुळे सकाळी स्टॅकमध्ये दिसणारी खरी पायरी दुपारी नुसती टिपणातली झालेली असू शकते.

घरी करून पाहा

तुमच्यापैकी ज्यांना सी भाषा येते आणि ज्यांच्या हाताशी लिनक्सचा संगणक आहे, त्यांनी हे करून पाहावे. शाळेचा संगणक असेल तर आधी सरांना किंवा बाईंना विचारा.

२ पासून १ लाखापर्यंत किती मूळ संख्या आहेत हे मोजणारा प्रोग्रॅम लिहा. त्यात एक फंक्शन ‘मूळ आहे का’ असे असू द्या. ते दिलेल्या संख्येला २, ३, ४ असे एकेक भाजक लावून पाहील. भाग गेला तर लगेच थांबेल, आणि भाजकाचा वर्ग त्या संख्येपेक्षा मोठा झाला तरी थांबेल. प्रत्यक्ष भाग जातो का हे पाहण्यासाठी मात्र वेगळे, एका ओळीचे फंक्शन लिहा. दोन्ही फंक्शनांच्या आधी ‘स्टॅटिक’ हा शब्द घाला. उत्तर ९५९२ आले, की प्रोग्रॅम बरोबर आहे.

आता जीसीसी या कंपायलरला वेग वाढवण्याची कोणतीही सूचना न देता, फक्त जीप्रॉफची गणती चालू करून प्रोग्रॅम तयार करा आणि चालवा. तक्त्यात ‘मूळ आहे का’ला ९९,९९९ वेळा बोलावल्याचे दिसेल आणि त्या एका ओळीच्या फंक्शनला सुमारे २७ लाख वेळा! मग वेग वाढवण्याची दुसऱ्या पायरीची सूचना देऊन तोच प्रोग्रॅम पुन्हा तयार करा. उत्तर तेच, ९५९२. पण तक्त्यातील ती सत्तावीस लाखांची ओळ शोधा पाहू!

पहिल्या तक्त्यात वेळेचा रकाना जवळजवळ रिकामा आहे, हेही तुमच्या नजरेस येईल. गणती अचूक आहे, पण वेळ मात्र सेकंदाला १०० वेळा डोकावून काढलेला आहे, आणि आजच्या संगणकाला या कामासाठी सेकंदाचा काही शतांशच लागतो. भाऊ दोन-तीनदा डोकावतो तोच स्वयंपाक आटोपलेला! म्हणून मर्यादा १ लाखावरून १ कोटी करा. मग काही सेकंद लागतील. ज्यांच्याकडे पर्फ आहे त्यांनी हीच मोठी आवृत्ती एकदा टिपणाशिवाय आणि एकदा टिपणासह तयार करून दोन्ही वेळच्या साखळ्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आणि मर्यादा शंभरपट केल्यावर ती सत्तावीस लाखांची गणतीही शंभरपटच होईल का, की त्याहून अधिक? प्रोग्रॅम चालवण्यापूर्वी तुमचा अंदाज कागदावर लिहून ठेवा. भाजकाचा वर्ग मोठा झाला की थांबायचे, या अटीकडे नीट पाहिलेत, तर तो चांगलाच जवळ येईल.